चावडीवरचा कागद

२०१७च्या उन्हाळ्यात आमच्या गावात चावडीवाचन झालं. हाताने लिहिलेले सातबारे संगणकात उतरवताना राज्यभर चुका राहून गेल्या होत्या. त्या शोधायला सरकारने जुनीच रीत धरली: गावाला चावडीवर बोलवायचं आणि एकेक उतारा मोठ्याने वाचायचा. मी नेमका गावी होतो. तलाठी भाऊसाहेब गट नंबर पुकारत, मग खातेदारांची नावं, क्षेत्र, आकार आणि शेवटी ‘इतर अधिकार’. त्या रकान्यात कुळाचं नाव असतं, विहिरीतला हिस्सा असतो आणि कर्ज असेल तर बोजा असतो. एका गटाला त्यांनी विकास सोसायटीचा बोजा वाचला, मागोमाग एका बँकेचाही वाचला, रकमांसकट. ज्याचा उतारा होता तो माणूस माझ्या पुढ्यातच बसला होता. त्याच्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी तेव्हा चालू होती, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तो काही बोलला नाही. पायातली चप्पल काढून त्याने उगाच झटकली आणि पुन्हा घातली.

थोड्या वेळाने आमचा गट आला. नावं वाचली गेली: माझे वडील, दोन चुलते. ‘इतर अधिकार’ रिकामा. भिंतीशी बायकांत बसलेली माझी आत्या उठून उभी राहिली. ती त्या दिवसासाठीच सासरहून आली होती. “भाऊसाहेब, आण्णा गेले तेव्हा माझं नाव लागलं होतं. ते कुठं गेलं?” आण्णा म्हणजे माझे आजोबा.

एकाच वाचनाने एकाची झाकली मूठ उघडी केली आणि एकीला आपला हक्क कागदावरून गळाल्याचा पत्ता लागला. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही: हा कागद मुळात चारचौघांसमोर उघडा कुणी केला, का केला, आणि उघडा करताना माणसाच्या खासगीपणाची सोय कुणी पाहिली होती का?

सातबाऱ्याच्या आधी गावचा हिशेब कुलकर्ण्याच्या घरी असे. घरी म्हणजे खरोखरच घरी. कुलकर्णीपण हे वतन होतं, बापाकडून मुलाकडे जाणारं, आणि दप्तर त्या वतनाचा भाग. कापडी रुमालांत बांधलेले कागद माजघरात किंवा माळ्यावर ठेवलेले असत. कोणाची जमीन किती, सारा किती, बाकी किती, कोण परागंदा, कोणाचं शेत कोण कसतो, हे सगळं त्या रुमालांत. ज्या कुणब्याबद्दल ते लिहिलेलं असे त्याला बहुधा वाचता येत नसे, आणि वाचता आलं असतं तरी गाठ सोडायचा अधिकार त्याचा नव्हता. आपल्याच शेतापुढे काय लिहिलंय ते त्याने कुलकर्ण्याच्या तोंडून ऐकायचं. जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याची कारणं मांडताना गावच्या कुलकर्ण्याला वारंवार धारेवर धरलं ते याचसाठी. पुढे ‘दीनमित्र’कार मुकुंदराव पाटलांनी १९१३मध्ये ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहिलं. सगळे कुलकर्णी लबाड होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. दोष मांडणीत होता. लिहिणारा एक, ठेवणारा तोच आणि सांगणाराही तोच, अशी ती मांडणी होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ला कुलकर्णी वतनं रद्द करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा दप्तर पहिल्यांदा एका घराच्या उंबऱ्याबाहेर आलं. मुंबई राज्यात परगणा आणि कुलकर्णी वतनं कायद्याने संपायला १९५० उजाडलं.

इंग्रजांनी या दप्तरांवर आधीच हात घातला होता, पण तो गावकऱ्यांसाठी नव्हता. इनामं खरी की खोटी हे तपासायला १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळालं आणि वतनदारांच्या घरची दप्तरं ताब्यात घेण्यात आली. पुण्याचं पेशवे दप्तर तर १८१८पासूनच सरकारच्या हाती होतं, आणि ते इतिहासाच्या अभ्यासकांनासुद्धा कित्येक दशकं मोकळेपणी पाहू दिलं गेलं नाही. त्यातले कागद बाहेर आले तर लोक इनामांवर हक्क सांगत येतील, ही भीती त्यामागे होती. गो. स. सरदेसाई यांनी त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापले ते १९३०नंतर. गाठ मारणारा बदलला, गाठ तशीच राहिली.

ती गाठ सैल व्हायला सुप्याची आग कारणी लागली. १२ मे १८७५ला भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत मग गावोगाव तेच झालं. त्यांना हवे होते कागद: खतं, रोखे, वह्या. ते हाती लागले की त्यांची होळी करायचे आणि लोक पांगायचे. अक्षरओळख नसलेल्या माणसांना नेमका कोणता कागद आपल्या गळ्याला लागलाय ते पक्कं माहीत होतं. आपण अंगठा कशावर उठवला ते त्यांना कळलं नव्हतं, आणि कळायची काही सोयही नव्हती.

सरकारने दंगलीची चौकशी केली आणि १८७९मध्ये दोन कायदे आले. पहिला दख्खनच्या शेतकऱ्यांच्या मदतीचा. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा, भरलेल्या पैशाची पावती मिळावी, हिशेब मागता यावा, अशी तरतूद त्यात होती. दुसरा कायदा म्हणजे मुंबईची जमीन महसूल संहिता. तिच्यात एक साधं कलम आहे, फारसं कुणाच्या लक्षात न राहिलेलं: जमिनीचे नकाशे आणि नोंदवह्या लोकांना पाहायला खुल्या राहतील आणि मागेल त्याला, फी भरून, नक्कल मिळेल. ज्याची जमीन त्यालाच, असं ते कलम म्हणत नाही. आज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम ३२७मध्ये हीच तरतूद जिवंत आहे. माहितीच्या अधिकाराची वंशावळ आपण राजस्थानपासून सुरू करतो. माझ्या मते तिचं एक मूळ या कोरड्या महसुली कलमात आहे.

पुढची पायरी १९०३ची. तोवर सरकारी वह्या सारा कोणी भरायचा एवढंच सांगत, जमीन खरी कोणाची ते सांगत नसत. १९०३च्या कायद्याने हक्कनोंद आली आणि १९१३ला ती महसूल संहितेतच घातली गेली. तिथे फेरफाराची रीत ठरली. वारसा, खरेदी, वाटणी, गहाण, काहीही झालं की तलाठ्याने नोंद करायची, तिची पूर्ण प्रत चावडीत दिसेल अशा जागी लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकत आली तर तक्रार नोंदवायची आणि मगच नोंद प्रमाणित करायची. असं प्रमाणित झालेलं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानायचं. यातली मेख ध्यानात घेण्यासारखी आहे. नोंद खरी धरली जाते कारण ती चारचौघांसमोर टांगलेली होती आणि कोणी हरकत घेतली नाही. चावडीवर न लावता केलेली नोंद म्हणजे पुन्हा माळ्यावरचा रुमाल.

अँडरसन नावाच्या अधिकाऱ्याच्या हिशेब पुस्तिकेतून गाव नमुने ठरत गेले, एकूण एकवीस. त्यातला सातवा हक्काचा, बारावा पिकाचा. दोन्ही एका पानावर आले आणि ‘सातबारा’ हा शब्द मराठीत घरचा झाला. जुना हस्तलिखित उतारा हाती धरून पाहावा. नावाशेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक. जो मेला किंवा ज्याने विकलं त्याचं नाव खोडत नाहीत, कंसात घालतात, म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘त्याला कंस झाला’ असं येतं. मुलापुढे ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान, पालनकर्ता अमुक. थोरल्यापुढे ‘ए. कु. मॅ.’, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. कोण वारला, मागे विधवा कोण, पोर किती लहान, कोणत्या बहिणीने हक्कसोड केली, कोणती हरकत घेऊन बसली, हे सगळं त्या एका पानावर आणि त्यातल्या फेरफारांत आहे. शेताचा कागद म्हणतो खरा आपण, पण तो घराचा कागद आहे.

मग या घराला आडपडदा कुठेच नव्हता का? होता, आणि तो महसूल खात्याच्या शेजारच्या कचेरीत सापडतो. १९०८च्या नोंदणी कायद्यात दुय्यम निबंधकाकडच्या पुस्तकांची जी व्यवस्था आहे, ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. पहिलं पुस्तक स्थावर मिळकतीच्या दस्तांचं: खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र. ते कोणीही पाहावं, कोणीही नक्कल घ्यावी. जमीन घेणाऱ्याला ती आधी कोणाला विकली आहे का हे कळलंच पाहिजे, म्हणून इथे आडकाठी नाही. दुसऱ्या पुस्तकात नोंदणी नाकारल्याची कारणं. तेही खुलं, कारण अधिकाऱ्याने ‘नाही’ का म्हटलं ते लोकांना दिसायला हवं. तिसरं मृत्युपत्रांचं. करणारा जिवंत आहे तोवर नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला, आणि तो गेल्यावर मागेल त्याला. चौथ्यात इतर दस्त, ज्यांचा जमिनीशी संबंध नाही. त्यांच्या नकला दस्त करणाऱ्यांना आणि त्याखाली हक्क सांगणाऱ्यांना, आणि तिसऱ्या-चौथ्या पुस्तकात शोध घ्यायचा तो अधिकाऱ्यानेच, लोकांनी पानं चाळायची नाहीत. पाचवं तर लखोट्यांचं आहे. मृत्युपत्र सीलबंद लखोट्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतं, तो लखोटा आगीपासून सुरक्षित पेटीत राहतो आणि नोंद होते ती फक्त लखोटा आल्याची.

‘खासगीपणा’ हा शब्द त्या कायद्यात कुठेही नाही. तिथे प्रत्येक कागदाला एकच साधा प्रश्न विचारलेला आहे: हा झाकला तर कोण फसेल, आणि उघडला तर कोणाला इजा होईल? उत्तर जसं येईल तसं पुस्तक वेगळं. मृत्युपत्र करणारा जिवंत असताना ते उघडलं तर घरात काय होतं, हे कायदा लिहिणाऱ्याला माहीत होतं, आणि मेल्यावर ते झाकलं तर कोण लुबाडलं जातं, हेही.

सातबाऱ्याला असं वेगळं पुस्तक कधी मिळालं नाही. त्याची गरज भासली नाही, कारण त्याला कायद्यावाचून एक आडोसा होता, तो अंतराचा. कागद सगळ्यांना खुला, पण त्यासाठी गावात जायचं, गट नंबर माहीत असायचा, तलाठी सापडायचा, तो दोन सजांत फिरत असायचा, आणि ‘तुम्ही कोण, कशाला हवाय’ हे गावाने विचारायचं. बघणाऱ्यालाही गाव बघत होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये नेमकं हेच एका निकालात ओळखलं. माणसांचे गुन्ह्यांचे तपशील ठिकठिकाणच्या कचेऱ्यांत खुले असणं वेगळं आणि ते सगळे एका संगणकात गोळा करून कोणाच्याही हाती देणं वेगळं, असं न्यायालय म्हणालं.

आपल्याकडे ते अंतर बघता बघता मिटलं. उतारे महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर आले, १ मे २०१८ला डिजिटल सहीचा सातबारा आला, कचेरीत न जाता मिळणारा. मी याचं मनापासून स्वागत केलं आणि आजही करतो. उताऱ्यासाठी चार हेलपाटे घालून चिरीमिरी देणारी माणसं मी पाहिलेली आहेत. पुण्यामुंबईत किंवा परदेशात राहणाऱ्या बहिणीला भावांनी आपलं नाव कमी केलं का, ते आता रात्री अकरा वाजता बघता येतं. पण गट नंबर ठाऊक नसला तरी नावावरून शोधता येतं, आणि शोधणाऱ्याला आता कोणी बघत नाही. महामार्ग कुठून जाणार याची कुणकुण लागली की त्या पट्ट्यात एकट्या विधवेच्या नावावरची जमीन कोणती, कोणावर बोजा चढलाय, कोण अडलाय, हे एजंटाला घरबसल्या कळतं.

नोंदणीच्या पहिल्या पुस्तकालाही तेच झालं. त्यातल्या दस्तांच्या सूची दोनमध्ये वय, पत्ता आणि कित्येक वर्षं पॅन क्रमांकसुद्धा असे. बासनात होती तोवर ती माहिती निरुपद्रवी होती. २०१८मध्ये तेलंगणात सिमकार्ड विकणाऱ्या एका माणसाला पोलिसांनी पकडलं. सरकारी संकेतस्थळावरच्या जमिनीच्या दस्तांवरून लोकांच्या अंगठ्यांचे ठसे उचलून त्याने त्यांच्या प्रतिकृती केल्या होत्या. दस्तावर अंगठा का घेतात? माणूस तोच आहे हे पटावं, त्याची फसवणूक होऊ नये म्हणून. आधारच्या जमान्यात तोच अंगठा किल्ली झाला आणि ती किल्ली आपणच पहिल्या पुस्तकात टांगून ठेवली होती. अशा वेळी अंगठा झाकायचा असतो, पुस्तक बंद करायचं नसतं. हा फरक पुढे दिल्लीत हरवला.

माहितीच्या अधिकाराची कथा मराठी वाचकाला तोंडपाठ आहे: राजस्थानातल्या जनसुनावण्या, जिथे रोजगाराचे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले गेले आणि मेलेल्यांची नावं मजुरीवर निघाली; २००३च्या ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर अण्णा हजारे यांचं उपोषण आणि महाराष्ट्राचा कायदा; मग २००५चा केंद्रीय कायदा. ती वाचनं म्हणजे चावडीवाचनंच. केंद्रीय कायदा करणारे खासगीपणा विसरले नव्हते. कलम ८(१)(ञ)मध्ये त्यांनी लिहिलं की सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसलेली, किंवा विनाकारण कोणाच्या खासगी आयुष्यात शिरणारी वैयक्तिक माहिती देऊ नये, मोठं सार्वजनिक हित असेल तर द्यावी. आणि खाली एक परंतुक जोडलं: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही माणसाला नाकारता येणार नाही. त्या परंतुकाने गावच्या माणसाला आमदाराच्या शेजारी बसवलं.

त्याची कसोटी मुंबईत लागली. माजी मंत्री सुरूपसिंग नाईक यांना सर्वोच्च न्यायालयाने अवमानाबद्दल एक महिन्याची कैद दिली आणि तिचे बहुतेक दिवस त्यांनी जे. जे. रुग्णालयात काढले. एका नागरिकाने त्यांचे वैद्यकीय कागद मागितले. आजारपणाहून खासगी काय असतं? तरीही २००७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते द्यायला सांगितलं. रोग्याची गुप्तता न्यायालयाने उडवून लावली नाही. पण शिक्षा भोगणारा माणूस तुरुंगाऐवजी इस्पितळात का, हे विचारण्याचा लोकांचा हक्क तिच्याशी ताडून पाहिला, आणि त्या परंतुकाचाही आधार घेतला. साध्या रोग्याला हा निकाल लागू पडला नसता. तोल म्हणतात तो असा, माणूस आणि प्रसंग बघून.

२०१२च्या गिरीश देशपांडे निकालापासून गाडी दुसऱ्या बाजूला कलली. सरकारी नोकराच्या कारणे दाखवा नोटिसा, शिक्षा, मालमत्तेचे तपशील ही वैयक्तिक माहिती आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, आणि माहिती अधिकाऱ्यांना नकाराचा तयार शिक्का मिळाला. २०१७मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमुखाने सांगितलं. तो मोठा निकाल आहे आणि माझ्या मते योग्य आहे. त्यामागोमाग न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ला विदा, म्हणजे डेटा, संरक्षणाचा मसुदा दिला तेव्हा कलम ८(१)(ञ) बदलायचं म्हटलं, पण तराजू ठेवला होता: उघड केल्याने होणारं नुकसान जास्त की सार्वजनिक हित जास्त, ते पाहा. २०२३च्या विदा संरक्षण कायद्याने तो तराजूच उचलला. आता त्या कलमात अपवाद म्हणून उरलं आहे ते एवढंच: वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती. परंतुक गेलं. नोव्हेंबर २०२५मध्ये हा बदल अमलातही आला.

सरकार म्हणतं, कलम ८(२) अजून आहे, सार्वजनिक हितासाठी माहिती देता येईल. आहे खरं. पण तिथे ‘देता येईल’ आहे, ‘नाकारता येणार नाही’ हे गेलं, आणि या दोन शब्दांत कचेरीच्या खिडकीशी उभ्या माणसाचं सगळं वजन सामावलेलं असतं. नाव नसलेला सरकारी कागद असतो कुठे? हजेरीपटावर मजुरांची नावं, घरकुलाच्या यादीत लाभार्थ्यांची, मोजमाप वहीत ठेकेदार आणि अभियंत्याचं. नाव झाकून हजेरीपट वाचला तर मेलेला मजूर सापडणार कसा? वेगवेगळी पुस्तकं करायची सोडून आपण एकच मोठा रुमाल शोधला आणि त्याला खासगीपणाची गाठ मारली. आणि ज्याच्यासाठी मारली म्हणतात, त्या शेतकऱ्याचा बोजा मोबाईलवर आहे तसाच दिसतोय.

सातबाऱ्यापुरतं सांगायचं तर मला काय हवं ते मी सांगू शकतो. मालक कोण, क्षेत्र किती, बोजा आहे की नाही, वाद चालू आहे का, फेरफार कधी आणि कशाने झाला, हे कोणालाही दिसावं. बोज्याची रक्कम, अज्ञान मुलांची नावं, दस्तावरचा अंगठा, पॅन, आधार हे अर्ज करून, ओळख देऊन मिळावं. शोधणाऱ्याची नोंद राहावी आणि ती खातेदाराला बघता यावी, म्हणजे चावडीवर जसं होतं तसं, बघणाऱ्याला बघणारं कोणी असेल. आणि ज्या कागदावर सरकारी पैसा वाटला गेला त्यावरची नावं वाचायला कोणाची परवानगी लागू नये.

आत्याचं नाव लागलं. आजोबांच्या वेळची वारसनोंद तहसीलच्या अभिलेख कक्षात निघाली. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे भावांची नावं वर आणि तिचं ‘इतर अधिकारा’त होतं. दहा वर्षांनी सातबारा नव्या वहीत उतरवताना ते खाली आलंच नाही. कोणी मुद्दाम केलं की हात चुकला, ते आता कोण सांगणार? कलम १५५खाली लेखनप्रमाद म्हणून दुरुस्तीचा आदेश झाला. फेरफाराची ती नक्कल माझ्याकडे आहे. त्यात आजोबा वारल्याची तारीख आहे, आजीचं नाव आहे, आणि धाकट्या चुलत्यापुढे ‘अज्ञान’ असा शेरा आहे.

परवा मोबाईलवर आमचा गट उघडून आत्याचं नाव पुन्हा एकदा पाहिलं. शेजारचा गट नंबर त्या चप्पल झटकणाऱ्या माणसाचा. बोजा उतरला की नाही ते एका बोटाच्या अंतरावर होतं. मी पान मिटलं.